आत्या सासरी, आई वाशीला

वाचकांची पत्रं आणि काकूंची उत्तरं

काकू, नमस्कार.

मी देवगड तालुक्यातली. एका आंबा निर्यातदाराकडे प्रतवारी आणि पॅकिंगवर सुपरवायझर आहे. एरवी काजू आणि पल्पचं काम असतं, तेव्हा गावाजवळच्या पॅकहाउसला जाते आणि दिवेलागणीला घरी येते. पण मार्चअखेरपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माझा मुक्काम वाशीला. परदेशचा माल तिथून निघतो. युरोपला जायचा असेल तर आंबा ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा. पारा खाली घसरला की बॅच बाद. अमेरिकेचा असेल तर विकिरणाला न्यायचा, तिथे त्यांचा निरीक्षक डोळ्यांत तेल घालून उभा. देठाशी चीक, सालीवर डाग, कापल्यावर आत साका, म्हणजे बिघडलेला गर, काहीही निघालं की हाक मला. त्यामुळे हंगामात सोडत नाहीत. पैसेही हंगामातच मिळतात. घरावर स्लॅब पडला तो याच पैशांतून.

घरी नवरा, सासूबाई, नणंद आणि दोन मुलं. नवऱ्याची आपली थोडी कलमं आहेत, तोही पहाटे झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन बाहेर पडतो. मी नसते तेव्हा मुलांचं सगळं नणंदच बघते. डबा, अभ्यास, ताप, भांडणं, सगळं.

यंदा सगळं एकदम आलंय. मुलगी चौथीत. आमची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच, म्हणजे हे तिचं तिथलं शेवटचं वर्ष. १ मेला झेंडावंदन झालं की निकाल आणि बक्षिसं. वर्षभर एकही दिवस गैरहजर नाही म्हणून तिला बक्षीस आहे. मी फोनवर म्हटलं, बघते यायला जमतं का. तर ती म्हणाली, "तू नको धडपडू, मी आत्तेला सांगितलंय." गेल्या वर्षी गॅदरिंगला येते म्हणाले होते आणि ऐन वेळी माल अडकला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नणंदेचं लग्न. १७ मेपासून अधिक महिना लागतो, म्हणून तारीख पुढे नेता आली नाही. आणि २० मेला मुलाला पाच वर्षं पूर्ण होतात. तौक्ते वादळानंतर चार दिवसांनी झाला तो, तेव्हा घरात लाईटसुद्धा नव्हती. त्याच्या मागच्या वाढदिवसाला मी व्हिडिओ कॉलवर होते, केक कापताना नेमकी रेंज गेली.

मालक म्हणतात, एका प्रसंगाला रजा घे, फार तर दोन. मुंबईची मोठी जाऊ म्हणते, नोकऱ्या काय छप्पन्न मिळतात. नवरा म्हणतो, बघ तुला कसं जमतं ते. दर वर्षी सासूबाई मला निघताना म्हणायच्या, "तू जा गो, मी आसय मां." यंदा काहीच बोलल्या नाहीत. तेच मला जास्त लागलंय.

कुठल्या प्रसंगाला जाऊ? की नोकरीच सोडू?

अ. प., देवगड तालुका

---

अगं, नोकरी सोडायची की नाही ते आत्ता ठरवू नकोस. एप्रिलच्या उन्हात दमलेल्या माणसाने राजीनामा लिहू नये. जूनमध्ये पाऊस धरला, हिशेब हातात आला, चार दिवस पोटभर झोपलीस की मग बोल. तोपर्यंत जावेचं वाक्य जावेकडेच राहू दे. त्या छप्पन्न नोकऱ्यांपैकी एक तरी देवगडात दाखव म्हणावं.

आता तीन प्रसंग. त्यातला सोपा आधी हातावेगळा करू.

वाढदिवसासाठी एकही रजा घालवू नकोस. २०२१ साली २० मेला वैशाख शुद्ध अष्टमी होती. यंदा पुढे अधिक ज्येष्ठ असल्यामुळे तिथ्या लवकर आल्यात, ती अष्टमी २४ एप्रिलला आहे. हे सासूबाईंना सांग आणि त्या दिवशीचं औक्षण त्यांच्यावर सोपव. नातवाची तिथी सुनेच्या ध्यानात आहे हे त्यांना आवडेल. खरी २० तारीख बुधवारी येते, तुझा हंगाम तेव्हा शेवटच्या घटका मोजत असेल. मधेच धावत येऊन दुसऱ्या दिवशी परत पळण्यात काय अर्थ? काम गुंडाळून ये आणि २४ मेच्या रविवारी शिरवाळे कर. साच्यातून शेवया पडताना ती पोरं जी गर्दी करतात, ती केकभोवती होत नाही. नारळाच्या रसात गूळ त्याला घालू दे. पाच वर्षांच्या मुलाला वर्षात दोन वाढदिवस मिळाले तर तो पंचांग उघडून हरकत घेणार नाही.

१ मेला मात्र जायचंच. मालकांच्या 'फार तर दोन'मध्ये हा दिवस मोजूही नकोस. आपल्याकडे २०१७ चा जो दुकाने आणि आस्थापना कायदा आहे, त्यात वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या भरपगारी सुट्ट्या आहेत. त्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट मजुरी आणि बदली सुट्टी द्यावी लागते. मालकांपुढे कायद्याचं पुस्तक आपटायला सांगत नाही मी. सहकार खात्यात ऑडिटर म्हणून आयुष्य काढलं, कलम दाखवल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते चांगलं ठाऊक आहे. पण आपण मागतोय ती मेहेरबानी नाही, एवढं मनात असलं की आवाज आपोआप सरळ येतो. खरी रजा तुला लागेल ती ३० एप्रिलची.

ती कशाला, तर २९ला रात्री नव्हे, ३०ला दिवसा नीघ. आणि ३०च्या रात्रीची गाडी तर मुळीच नको. पनवेलला रात्री गाडीत बसायचं, कणकवलीला उजाडताना उतरायचं आणि तिथून देवगड गाठायचं, तोवर झेंडा वर जाऊन मुलं पांगलेली असतील. खाजगी बस पोचते सकाळी, पण १ मेच्या आदल्या रात्री महामार्गावर अख्खी मुंबई असते. ३०ला पहाटेची जनशताब्दी किंवा वंदे भारत धर, दोन्ही कणकवलीला थांबतात, दुपारपर्यंत तू खाली उतरशील. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे तुझ्या गाडीचं मार्चच्या सुरुवातीलाच सुरू होऊन संपलंही असेल. तेव्हा तत्काळ. आदल्या दिवशी सकाळी दहाला एसीचं, अकराला बाकीचं. आधार जोडलेलं खातं लागतं, ते आजच तपासून ठेव. २९ला दहा वाजता तू आंब्याच्या पाण्यापाशी असशील, म्हणून हे काम नवऱ्याकडे दे. 'बघ तुला कसं जमतं ते' म्हणणाऱ्या माणसाला नेमकं काम हातात दिलं की तो करतो, असा माझा अनुभव आहे. न करणारे वेगळे असतात, ते असलं वाक्यसुद्धा बोलत नाहीत, टीव्ही बघतात.

आणि १ मेला सकाळी त्यालाही शाळेत यायला सांग. दोन तास झेला भिंतीला टेकवून ठेवला तर बाग उठून जाणार नाही.

मुलीला मात्र तिकीट पक्कं होईपर्यंत काही सांगू नकोस. आधीच 'येते' म्हणून एकदा झालंय. तिचं ते वाक्य तुला टोचलं, ते साहजिक आहे, पण मला त्यात रुसवा दिसत नाही. दहा वर्षांच्या मुलीने स्वतःची व्यवस्था स्वतः लावली आहे. बक्षीस घेताना समोर आपलं माणूस हवं आणि ते नक्की येणारं हवं, एवढा हिशेब तिने केला. वर तुला धडपडू नको म्हणाली. असं बोलायला ती कुणाकडून शिकली असेल, तूच बघ. आता तू येणार म्हणून आत्याला रद्द करू नकोस. दोघी जा. आत्या पुढे बसू दे, तू तिच्या शेजारी. मुलगी धावत येऊन गळ्यात पडेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नकोस. चौथीतल्या मुली मैत्रिणींसमोर गळ्यात पडत नसतात. ती बक्षीस घेऊन आधी बाईंकडे जाईल, मग मैत्रिणींकडे, मग कधीतरी तुमच्याकडे. तोपर्यंत उभी राहा.

आता लग्न.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तू तीन प्रसंग मांडलेस, निकाल, लग्न, वाढदिवस. नणंदेच्या लग्नाला एक ओळ दिलीस आणि तीही तारखेबद्दल. पण त्याच्या वर तूच लिहिलंयस की डबा, अभ्यास, ताप, भांडणं, सगळं तीच बघते. अगं बाई, ती चाललीय! तुझ्या घरात यंदाच्या उन्हाळ्यात घडणारी सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. चौथीचा निकाल लागून जाईल. पाचवा वाढदिवस एक दिवसाचा. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा मुलगा उठेल आणि दूध द्यायला आत्या नसेल. नुसती रडारड होऊन थांबणार नाही ते, तिच्या हातचीच चहा-चपाती हवी म्हणून हटून बसेल.

सासूबाईंच्या गप्प राहण्याचं कोडंही मला इथेच सुटलेलं दिसतं. त्या दर वर्षी म्हणायच्या, मी आहे ना. त्यांच्या त्या 'मी'मध्ये निम्मी लेक होती. यंदा लेक जाणार, गुडघे दुखणार, पुढच्या वर्षी दोन मुलांमागे धावायचं कुणी? आणि लेक सासरी जातेय त्याचं पोटातलं वेगळंच. या सगळ्यात त्या 'तू जा गो' कुठल्या तोंडाने म्हणणार? तू ते स्वतःवर घेतलंस. मला नाही वाटत त्यांच्या मनात तुझ्याविषयी काही आहे.

म्हणून मालकांकडून लग्नासाठी रजा घेताना ती कशी घ्यायची ते सांगते. लोक हळदीच्या आधीपासून रजा काढतात आणि लग्न लागलं, पंगत उठली की बॅग भरतात. तू उलट कर. हळदीला संध्याकाळी पोचलीस तरी चालेल. घरचा मांडव असतो, वाडीतल्या बायका असतात, मुंबईकर असतात, कामाला माणसं कमी नसतात. उलट त्या दिवसांत प्रत्येकाला काहीतरी करायचं असतं आणि जागा अपुरी असते. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी तू घरात हो. मुंबईकर रात्रीच्या गाडीने गेलेले असतात. मांडव सोडताहेत, पातेली परत द्यायचीत, अर्धा टोप भात उरलाय, सासूबाई ओटीवर बसून आहेत आणि कुणाला काही सुचत नाहीये. त्या घराला तेव्हा माणूस हवं असतं. नवरी पाचपरतावण्याला येऊन जाईपर्यंत राहता आलं तर फारच छान.

आधीची कामं तू वाशीतून कर. तिथल्या बाजार समितीत मसाल्याचं आणि सुक्या मेव्याचं घाऊक मार्केट तुझ्या कामापासून हाकेच्या अंतरावर. लग्नघराचा मसाला, काजू सोडून बाकीचा मेवा (काजू वाशीहून देवगडात नेलास तर वाडी हसेल), साखर, नारळ नव्हे अर्थात, हे सगळं तू घे. देवगडहून आंब्याच्या गाड्या रोज रात्री वाशीला येतात आणि येताना भरलेल्या, जाताना रिकाम्या. ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर गोणी पाठव. पण आधी सासूबाईंना फोन करून विचार, लग्नातलं कुठलं काम मी इथून उरकू? सामान त्यांच्या यादीप्रमाणे यायला हवं, तुझ्या नव्हे.

नणंदेशी बोल. लग्नाआधी, तिला एकटीला गाठून. 'तू गेल्यावर आमचं कसं होणार' हे मात्र तिला म्हणू नकोस. जाणाऱ्या मुलीच्या पदरात तेवढं ओझं घालून पाठवायचं नाही. तिने काय केलंय ते नेमकं सांग. अमुक वर्षी मुलाला ताप होता आणि तू रात्रभर बसलीस, असं. आणि देण्याचं म्हणशील तर, मी एप्रिल-मेमध्ये सोसायट्यांच्या ऑडिटला गावोगाव फिरत असे, तेव्हा माझी मुलं धाकट्या जावेने बघितली. तिला साडी देऊ म्हटलं तर म्हणाली, साड्या ट्रंकभर आहेत, पोस्टात माझ्या एकटीच्या नावाचं खातं काढून द्या. दिलं. तुझ्या नणंदेला काय हवंय ते तिलाच विचार, पण हंगामाच्या पैशांतला एक भाग तिच्या नावाने कुठेतरी ठेवलास तर तो तिच्या हक्काचा आहे असं मी म्हणेन. तुझ्या स्लॅबमध्ये तिची दोन-चार घमेली सिमेंट धर.

पुढच्या हंगामाचं बोलणं याच रजेत करून टाक, नवरा आणि सासूबाई दोघांना समोर बसवून. जूनमध्ये मुलगी हायस्कूलला जाणार, म्हणजे एसटीची वेळ, पास, पावसाळ्यात गाडी चुकली तर काय, हे आलंच. मुलगाही पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. वाडीतली एखादी बाई सकाळ-संध्याकाळ दोन तास पगार देऊन ठेवता येईल का? मेच्या सुट्टीत पंधरा दिवस मुलांना वाशीला नेता येईल का? आणि मालकांना दिवाळीच्या सुमारास विचार, पुढच्या हंगामात पंधरा दिवस तिथे, पंधरा दिवस इथल्या पॅकहाउसला, असं करता येईल का. एप्रिलमध्ये विचारलेल्या प्रश्नाला हंगामातला मालक एकच उत्तर देतो. तोपर्यंत तुझ्या हाताखाली एक मुलगी तयार कर, पाण्याचा पारा आणि साका बघायला. तुझ्यावाचून अडतंय हे ऐकायला बरं वाटतं, पण त्यापायीच तुला रजा मिळत नाहीये.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी लिहिते. घरातलं कमावतं माणूस बाहेर असणं कोकणाला नवीन नाही. गिरण्या चालत होत्या तेव्हा इथल्या गावांत मनिऑर्डरवर चुली पेटायच्या, आणि मुंज, लग्न, घरभरणी, सगळं चाकरमान्याच्या रजेवर बसवलेलं असायचं. बाप मेमध्ये येणार तर बारसंसुद्धा थांबायचं. कुणी त्या बापाला विचारलं नाही, की मुलाचा निकाल सोडून गिरणीत कसा राहिलास. तुझी पंचाईत वेगळी आहे. तू वर्षभर घरी असतेस आणि नेमका ज्या महिन्यात सगळे गावाला येतात त्याच महिन्यात बाहेर असतेस. त्यामुळे तुझी गैरहजेरी मोजायला साक्षीदार फार. नऊ-दहा महिने तू रोज संध्याकाळी घरी असतेस ते बघायला मोठी जाऊ तिथे नसते. हे तिला ऐकवायची गरज नाही, तुझ्या ध्यानात असलं की पुरे.

---

आदरणीय काकू,

मी दापोली तालुक्यातला, व्यापारी जहाजावर मोटरमन आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात मला जहाजावर रुजू व्हायचं आहे, करार नऊ महिन्यांचा. मुलगी दहावीला बसली होती. तिच्या निकालाला मी हवा असं तिला वाटतं आणि मलाही. रुजू होणं पुढे ढकलायला सांगू का? पुढच्या वेळेला नंबर मागे जाईल अशी भीती वाटते.

स. म., दापोली

---

तुमचा नंबर मागे जाऊ देऊ नका, असंच मी सांगेन. कारण निकालाच्या तारखेचा भरवसा नाही. २०२४ साली दहावीचा निकाल २७ मेला लागला, २०२५ साली १३ मेला. तुम्ही पंधरा दिवस मागून घेतलेत आणि निकाल त्यानंतर लागला, तर रजाही गेली आणि निकालही हुकला.

शिवाय निकाल म्हणजे मोबाइलवर दिसणारे आकडे. मुलीला वडील खरे लागतात ते पुढच्या तीन-चार आठवड्यांत. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, दापोलीतसुद्धा. अर्जाचा पहिला भाग, दुसरा भाग, कॉलेजांचा पसंतीक्रम, मग फेऱ्या. शास्त्र घ्यायचं की वाणिज्य, दापोलीत राहायचं की रत्नागिरीला वसतिगृहात, हे वाद तेव्हा होतात आणि तेव्हा तुम्ही समुद्रात असाल. ते बोलणं जाण्याआधी उरका. मार्क चांगले पडले तर काय, मध्यम पडले तर काय, दोन्ही बाजूंनी. मुलगी बोलेल ते मधे न तोडता ऐका, जहाजावरची माणसं घरी आली की सूचनाच फार देतात. (माझा चुलतभाऊ जहाजावर होता, कपाटातले डबेसुद्धा उंचीप्रमाणे लावायचा.)

कागदपत्रांचं म्हणाल तर, शाळा सोडल्याचा दाखला निकालानंतरच मिळेल, पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधार, जे जे लागू असेल ते आत्ताच काढा. तहसील कचेरीत मे-जूनमध्ये रांग असते. घरच्या मंडळींच्या मोबाइलवर ओटीपी येतो ना, ते बघा. बऱ्याच घरांत मुलीच्या अर्जाला बापाचा नंबर जोडलेला असतो आणि तो नंबर सिंगापूरला बंद पडलेला असतो.

आणि पुढच्या फेऱ्यांसाठी. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारात नोकरीच्या प्रत्येक महिन्यामागे किमान अडीच दिवस भरपगारी रजा धरलेली आहे, आणि भारताने तो २०१५ साली स्वीकारलाय. बारावीचं वर्ष दोन वर्षांनी येईल. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. तुमचा करार त्याच्या आधी संपेल असा पुढचा फेरा आखून घ्या, आणि एजंटाला तोंडी सांगू नका, मेल करा.

निकाल दुपारी एक वाजता लागतो. तेव्हा तुमच्या जहाजावर पहाट असेल की मध्यरात्र, हे मार्ग कळला की मुलीला सांगून ठेवा, आणि वॉच, म्हणजे कामाची पाळी, चालू असेल तर तेही. फोन कुणी कुणाला करायचा, एवढं ठरलेलं असलं की ती दर पाच मिनिटांनी मोबाइल बघत बसणार नाही.